आधी आवाज येतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गॅरेजात चाचा गाडी तपासतात ते पाहत राहावंसं वाटतं. बॉनेट उघडलेलं, इंजिन चालू. हातात लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक ते इंजिनाच्या अंगावर टेकवतात, मूठ कानाशी घट्ट धरतात आणि डोळे मिटतात. टोक आधी वर, टापेटच्या झाकणावर. मग जरा खाली, ब्लॉकच्या कडेला. मग वाकून पार तळाशी, ऑइल चेंबरजवळ. एका बोटाने खूण झाली की आत बसलेला पोरगा ॲक्सिलरेटर थोडा दाबतो, पुन्हा सोडतो. शेजारी ग्राइंडर चालू असतो, रस्त्यावर टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून उभा असतो, समोरच्या लेथवर लोखंड सोललं जात असतं. चाचांना यातलं काही ऐकू येत नसावं. त्या कांबीतून वर येतं तेवढंच त्यांच्या कानात असतं.

त्या दिवशी गाडी आमच्या शेजारच्या सरांची होती. सर चंदगड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, वहिनी इथे एका पतसंस्थेत आहेत. आयुष्यातली पहिली गाडी, डिझेलची, कर्जावर घेतलेली. मी नुसता सोबतीला गेलो होतो. चाचांनी डोळे उघडले, स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसला आणि म्हणाले, "सर, ह्यो टापेटचा आवाज न्हाई. खालचा हाय. आता किल्लीसुदिक मारू नगासा."

वरचा आवाज आणि खालचा आवाज, गॅरेजातली माणसं इंजिनाच्या दुखण्याची पहिली वाटणी अशी करतात. वरचा आवाज हलका, टिकटिक करणारा. व्हॉल्व्हचं अंतर वाढलं, टापेट सैल झालं की तो येतो आणि बहुतेक वेळा थोडक्यात निभावतो. खालचा आवाज जड असतो. दाराच्या आतून कुणी मुठीने ठोकावं तसा. इंजिनावर जोर आला की तो वाढतो. कुठल्या सिलिंडरचा आहे हे शोधायचं तर एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघतात. ज्याचा काढल्यावर ठोका मंदावतो, तिथे दुखणं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असतं, आणि ते गेलं म्हणजे बहुतेकदा क्रँकही गेलेला असतो.

सरांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला तो आंबोलीचा घाट चढताना. तेव्हा तो अगदी बारीक होता. वहिनींना आधी ऐकू आला, सरांना नंतर. त्यांनी गाडी लगेच सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या ॲडव्हायझरने एक चक्कर मारली आणि सांगितलं, "डिझेल आहे सर, एवढा आवाज नॉर्मल आहे." जॉबकार्डावर लिहिलं गेलं, 'जनरल चेकअप'. घाटात चढावर खालून ठोका येतो, हे सरांचं वाक्य त्या कागदावर कुठेच नव्हतं. पुढच्या फेरीला दुसरा ॲडव्हायझर, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेपर्यंत वॉरंटी संपली होती. आता मात्र आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, आणि एस्टिमेट होतं दोन लाखांच्या वर. हाफ इंजिन बदलावं लागेल, म्हणजे ब्लॉक, क्रँक, पिस्टन, सगळा खालचा संच. शिवाय हेडचं काम निघालं तर ते वेगळं.

इंजिनाच्या आत काय चाललेलं असतं याचा विचार करू लागलं की आपण रोज किती निर्धास्तपणे किल्ली फिरवतो याचं नवल वाटतं. हायवेवर साधारण वेगाने चाललेल्या गाडीचा क्रँक मिनिटाला दोन हजार फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थांबतो आणि खाली येऊन थांबतो. म्हणजे मिनिटाला चार हजार वेळा थबकून उलटा फिरतो. त्याच्या डोक्यावर इंधन पेटतं तेव्हा त्या जाळाची उष्णता क्षणभर दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. पिस्टन असतो ॲल्युमिनियमचा, आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी तो टिकतो, कारण बाजूने पाणी फिरत असतं, खालून ऑइल उडत असतं आणि प्रत्येक जाळ पापणी लवण्याच्या आत विझलेला असतो. क्रँक आणि बेअरिंग तर चालत्या इंजिनात एकमेकांना शिवतही नाहीत. मध्ये ऑइलचा थर असतो, केसाहून कितीतरी बारीक. आतली माणसं, डिकीतलं सामान, घाटाचा चढ, सगळा भार शेवटी त्या थरावर येतो. तो तुटला की धातू धातूला भिडतो. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लागतो तो दाब गेल्यावर. तोवर आतलं नुकसान बहुधा सुरू झालेलं असतं. दिव्याच्या आधी आवाज येतो.

सरांचं इंजिन उघडलं तेव्हा मी मुद्दाम गेलो. चेंबर काढल्यावर चाचांनी तळाचं ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं. काळ्या ऑइलमध्ये बारीक चमकी होती. पाहायला सुंदर, म्हणून जास्तच वाईट वाटलं. मग तिसऱ्या रॉडचं बेअरिंग बाहेर आलं. नवं बेअरिंग म्हणजे अर्धगोल वाकवलेली, करड्या रंगाची गुळगुळीत पट्टी, बोटाने दाबली तर स्प्रिंगसारखी उसळणारी. या गेलेल्या बेअरिंगातली एक पट्टी दुसरीवर चढून कागदासारखी पातळ झाली होती, कडेला तांबं उघडं पडलं होतं. क्रँकच्या त्या जागेवर नख फिरवलं तर चरे लागत होते. सर काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून फाइल काढली. गाडी घेतल्यापासूनचं प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल पंच करून तारखेप्रमाणे लावलेलं होतं. वर्गाचं हजेरीपत्रक ठेवतात तशाच नेटकेपणाने. ती फाइल ते चाचांना दाखवत होते, आणि चाचा म्हणाले, "मला कशाला दावताय सर? ह्ये क्रँक बघून मला कळतंय, तुमी गाडीला उपाशी ठेवली न्हाई."

जुन्या गाड्यांचं इंजिनकाम निघायचंच. ॲम्बॅसेडर, जीप, मॅटॅडोर घेणारा माणूस गाडीसोबत तेही धरून चालायचा. शेवटची ॲम्बॅसेडर 2014 साली बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, तोवर कित्येक ॲम्बॅसेडरींची इंजिनं पुन्हा पुन्हा उघडली गेली होती. सिलिंडर घासले की बोअर मारायचा, मोठ्या मापाचे पिस्टन टाकायचे, क्रँक पाव मिलिमीटर ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगं बसवायची. काम झालं की सुरुवातीला गाडी हळू चालवायची, मागच्या काचेवर 'रनिंग इन' लिहिलेलं. ते म्हातारपण होतं, आणि म्हातारपणाची कुणी तक्रार करत नाही. आजची इंजिनं त्यांच्याहून कितीतरी चांगली बनतात, नीट ठेवली तर सहज दोन-अडीच लाख किलोमीटर जातात. म्हणूनच सत्तर-ऐंशी हजारांवर मान टाकणारं इंजिन मालकाला इतकं जिव्हारी लागतं. त्याने हे धरलेलं नसतं, तयारीही केलेली नसते. हप्ता मात्र चालूच राहतो. गाडी उद्यमनगरात चार ठोकळ्यांवर उभी आणि दर महिन्याच्या ठरल्या तारखेला बँकेचा मेसेज.

वहिनींनी एक दिवस विचारलं, "भाऊजी, विम्यात नाही का बसणार हे?" मला उत्तर देताना जड गेलं. गाडीच्या नेहमीच्या विम्यात यंत्राचा बिघाड आणि झीज धरलेली नसते. अपघात, चोरी, आग, पूर यांचं नुकसान विमा देतो. इंजिन आतून गेलं तर नाही. पुरातसुद्धा इंजिनापुरती वेगळी जोड घेतलेली नसेल तर वाद उभा राहतो.

कोल्हापूर-सांगलीच्या लोकांनी हे 2019 च्या ऑगस्टमध्ये जवळून पाहिलं. पंचगंगा आणि कृष्णा उतरल्या, गाड्या चिखलातून वर आल्या, आणि कितीतरी जणांनी, चालू होते का बघू, म्हणून किल्ली मारली. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये बसलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो आणि त्या पाण्यावर आदळतो, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. त्या दिवसांत उद्यमनगरातल्या टेबलांवर वाकलेल्या रॉडांची रांग लागली होती. विमा कंपन्यांचं म्हणणं, पुराने इंजिन गेलं नाही, तुम्ही चालू केलंत म्हणून गेलं. घरातलं सगळं वाहून गेलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागत होतं. पाण्यातून काढलेली गाडी किल्ली न मारता ओढून न्यायची, एवढी एक गोष्ट जरी विमा देतानाच नीट समजावून सांगितली असती, तरी किती घरांचं ओझं हलकं झालं असतं.

माझा मावसभाऊ शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत होता. लहानपणी त्याने एकदा मला आत नेलं होतं. सुमारे चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतत होते. साच्याच्या पोटात वाळूचेच गाभे बसवलेले असतात, ज्यांच्यामुळे पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा पोकळ राहतात. कास्टिंग थंड झालं की ती वाळू झोडपून, हलवून बाहेर काढायची. भाऊ फेटलिंगला होता, म्हणजे हेच काम. तो सांगायचा, बाहेरून कास्टिंग कितीही देखणं असू दे, आतल्या भोकात वाळूचा कण राहिला तर ते कुणाच्या तरी गाडीत एक दिवस बोलणारच. संध्याकाळी घरी आल्यावरही त्याच्या भुवयांत काळी धूळ असायची. कोल्हापूरच्या आसपास शेकडो फौंड्र्या आहेत. इथे ओतलेले ब्लॉक आणि हेड देशभरच्या गाड्यांत बसतात. त्याच गावात उद्यमनगर आहे, जिथे ते पुन्हा उघडले जातात. इंजिनाचं जन्मणं आणि मरणं दोन्ही रोज पाहणाऱ्या या गावात वाढल्यामुळे असेल, गाडी बंद पडली की लोक नशिबाला बोल लावतात ते मला पटत नाही. कुठेतरी कण राहिलेला असतो. तो कुठे राहिला, हे कुणाला तरी ठाऊक असतं.

दक्षिण कोरियात किम ग्वांग-हो नावाच्या इंजिनिअरला ते ठाऊक होतं. सरांच्या गाडीशी या गोष्टीचा काही संबंध नाही, गाडीही वेगळी आणि कंपनीही वेगळी. पण ठोका तोच. ह्युंदाईचं थीटा नावाचं पेट्रोल इंजिन अमेरिकेत सोनाटा गाडीत बसत होतं. अलाबामातल्या कारखान्यात क्रँकशाफ्टचं काम होताना धातूचे कण त्याच्या ऑइलच्या वाटांत राहून गेले होते. ते कण ऑइल अडवायचे, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जायचं, आधी ठोका येऊ लागायचा आणि मग चालत्या रस्त्यावर इंजिन बंद. 2015 मध्ये कंपनीने सुमारे पावणेपाच लाख गाड्या परत बोलावल्या. किम त्याच कंपनीत वीसहून अधिक वर्षं होते, गुणवत्तेच्या विभागात. परत बोलावल्या त्याहून दोष मोठा आहे, असं त्यांना कागदांवरून दिसत होतं. 2016 मध्ये ते कागद त्यांनी अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्यापुढे ठेवले. त्याच वर्षी त्यांची नोकरी गेली. 2017 मध्ये ह्युंदाई आणि किया मिळून आणखी जवळजवळ 12 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. 2020 च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांना मिळून 21 कोटी डॉलरचा दंड मान्य करावा लागला, आणि त्याच्या पुढच्या वर्षी किम यांना अमेरिकी सरकारने 2.4 कोटी डॉलरहून अधिक बक्षीस दिलं.

या सगळ्यात मला राहून राहून आठवते ती एक तांत्रिक गोष्ट. कंपनीने पुढे त्या गाड्यांत एक नवा प्रोग्रॅम घातला. इंजिनावर आधीच बसवलेल्या नॉक सेन्सरकडून तो बेअरिंगच्या झिजेची थरथर ओळखतो. ती थरथर सापडली की डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडीचा वेग आपोआप मर्यादित होतो आणि माणूस रस्त्याच्या कडेला सुखरूप पोचतो. त्या बेअरिंगच्या बिघाडासाठी वॉरंटीही वाढवून दिली. म्हणजे चाचा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून जे करतात, तेच लाखो गाड्यांत बसवावं लागलं. ते करण्याआधी किती मालकांनी काउंटरवर उभं राहून सांगितलं असेल की खालून ठोका येतोय, आणि किती जणांना ऑइल वेळेवर बदललं होतं का, हाच प्रश्न परत मिळाला असेल.

आपल्याकडे कायदा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सरांनी जिल्हा आयोगाकडे तक्रार केली. सदोष वस्तूची तक्रार तिथे दोन वर्षांच्या आत करावी लागते. दोष डोळ्यांनी दिसण्यासारखा नसेल तर आयोग ती वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवतो, आणि तपासणीचं शुल्क तक्रारदाराला आधी भरावं लागतं. कागदावर यात गैर काही नाही. पण गॅरेजात उभं राहून पाहिलं की यातली अडचण कळते. इंजिन उघडल्याशिवाय दोष कळत नाही, आणि उघडलं की ज्या स्थितीत ते गेलं ती स्थिती मोडते. ते बंद ठेवून सुनावणीची वाट पाहावी, तर सरांनी चंदगडला जायचं कसं? एका बाजूला इंजिनाचा आराखडा, मापं, चाचण्या, आधीच्या तक्रारींच्या नोंदी असलेली कंपनी. दुसऱ्या बाजूला बिलांची फाइल आणि रुमालात गुंडाळलेलं एक बेअरिंग. सिद्ध करायचं काम रुमालवाल्याकडे. हे उलटं आहे असं मला ठाम वाटतं. ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या ठिकाणी सर्व्हिसिंग केल्याची बिलं मालकाने दाखवली, की इंजिन अकाली का गेलं हे सांगण्याची जबाबदारी ते बनवणाऱ्यावर यायला हवी. ज्याच्याकडे माहिती आहे त्यानेच उत्तर द्यायचं असतं.

सरांच्या गाडीचं काम शेवटी चाचांनीच केलं. नवं हाफ इंजिन परवडणारं नव्हतं. कुर्ल्याहून जुनं इंजिन आणायचा पर्याय निघाला होता, पण इंजिन बदललं की आरसी बुकातला इंजिन नंबर बदलायला आरटीओत जावं लागतं, आणि जुन्या इंजिनाचे कागद सरळ नसले तर नवंच झंझट. मग क्रँक ग्राइंड झाला, सगळी बेअरिंगं नवी, रॉड नवा, ऑइलपंप नवा. ऑइलच्या सगळ्या वाटा चाचांनी स्वतः डिझेलने धुतल्या, हवा मारली, पुन्हा धुतल्या. पोराला त्या कामाला हात लावू दिला नाही. खर्च एस्टिमेटच्या निम्म्याहून कमी आला. तरी वहिनींच्या बांगड्या त्या महिन्यात त्यांच्याच पतसंस्थेत गहाण पडल्या. ते मला त्यांनी सांगितलं नाही, दिसलं.

माझं वाचणाऱ्यांना एवढंच मागणं आहे. तुमच्या गाडीतून नेहमीचा नसलेला आवाज आला, तर जॉबकार्डावर तो तुमच्या शब्दांत लिहून घ्या. कधी येतो, कुठून येतो, चढावर वाढतो की उतारावर. 'जनरल चेकअप' लिहिलेल्या कागदावर सही करू नका. इंजिन उघडणार असतील तर समोर उभे राहा, फोटो काढा. पैसे तुम्ही भरले असतील तर निघालेले जुने भाग तुमचे आहेत, मागून घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे तक्रार नोंदवा. काम झालं, आता कशाला, असं म्हणून सोडून देऊ नका. 2021 पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे सरकारी नियम आपल्याकडे लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात, आणि सरकारने पाऊल उचलायचं की नाही हे तक्रारी किती आल्या त्यावरही ठरतं. सरांनी वाहन पोर्टलवर आपली नोंद केली आहे. आयोगासमोरची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.